लंपीच्या गाठीआधीची झुंज

2022 च्या पावसाळ्यात लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूचा रोग, आली आणि मराठवाड्यातले गुरांचे बाजार बंद पडले. देवणी असो की लाल कंधारी, गाठी उठलेलं जनावर वेगळं बांधायचं, कडुनिंबाचा धूर करायचा, विड्याची पानं-मिरी-मीठ-गूळ कुटून चारायचं, हे गोठ्यागोठ्यात चाललं होतं. आणि एक प्रश्न हमखास निघायचा: माशा, गोचीड गोठ्यातल्या दोन्ही गाईंना चावले, मग एकीच्या अंगभर गाठी आणि दुसरी ठणठणीत कशी?

उत्तराचा एक धागा अँटिबॉडीच्या, म्हणजे ठरावीक जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, आधीच्या झुंजीत आहे. अँटिबॉडी पुरेशा तयार व्हायला आठ-दहा दिवस सहज जातात. तोवर खिंड लढवायची ती जन्मजात प्रतिकारशक्तीने.

ही झुंज डोळ्यांना दिसली 1882 मध्ये, सिसिलीतल्या मेसिनाला. एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. बाभळीचा काटा पायात मोडला की जे ठसठसतं, तेच. 1908 चं नोबेल त्यांना मिळालं, पण अँटिबॉडीवाल्या एर्लिख यांच्याबरोबर वाटून; पुढची कित्येक दशकं बोलबालाही अँटिबॉडीचाच राहिला.

1957 मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन सापडलं. विषाणूची चाहूल लागलेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. पण चाहूल लागते कशी? 1996 मध्ये 'टोल' जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मेल्या, तेव्हा पेशींच्या पहारेकऱ्यांचा पहिला माग लागला. 2013 च्या सुमारास 'सीगॅस' सापडलं. डीएनएची जागा केंद्रकात. तो बाहेर पेशीद्रवात दिसला की हे प्रथिन बोंब ठोकतं.

लंपीचा विषाणू देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला, आणि या कुळातले डीएनएवाले विषाणू नेमके पेशीद्रवातच पसारा मांडतात. मग निभतं कसं? लंपीच्या विषाणूचा जनुकसंच 2001 मध्ये वाचला गेला. सुमारे 156 जनुकं, आणि त्यांत चक्क गुरांच्याच प्रथिनांच्या नकला. एक नक्कल इंटरल्युकिन-1 ही धोक्याची हाक वाटेतच पकडू शकेल अशी. दुसरी इंटरल्युकिन-10 सारखी, म्हणजे 'शांत व्हा' हा शरीराचाच निरोप. चोरानेच गुरख्याच्या आवाजात गुरं हाकावीत, तसं.

त्या साथीत गाईंना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. 'गाईला शेळीची सुई?' अशी कुरकुर स्वाभाविकच होती. पण हे दोन विषाणू इतके जवळचे चुलत भाऊ आहेत, की एकाची ओळख पटलेली गाय दुसऱ्यालाही ओळखते.