बचाव पथकाची गाडी आणि तिच्या छताची उंची

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रोअनोक हे रेल्वेमुळे वाढलेलं शहर. १९०९ साली तिथल्या नदीत होडी उलटली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत दोन माणसं बुडाली. बघणाऱ्यांत नऊ वर्षांचा ज्युलियन वाइज होता. ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेलंच नाही. पुढे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेत नोकरी करताना, १९२८ मध्ये, वाइज यांनी सहकाऱ्यांना जमवून ‘रोअनोक लाइफ सेव्हिंग अँड फर्स्ट एड क्रू’ उभी केली. अमेरिकेतलं पहिलं स्वतंत्र स्वयंसेवी बचाव पथक म्हणून ती ओळखली जाते. १९४१ मध्ये अलेक्झांडर टेरेल यांनी त्याच शहरात कृष्णवर्णीयांचं हंटन पथक काढलं.

माणसं शिकून तयार झाली, पण गाडी?

त्या काळी माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी असायची ती अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे. त्यामुळे गावोगावी शववाहिकाच रुग्णवाहिकेचं काम करायची. काही गाड्या तर दोन्ही कामांसाठीच बांधलेल्या असत. शवपेटी सरकवायला तळाला रूळ बसवलेले असत. ते उलटे फिरवले की तळ सपाट होई. मग त्यावर स्ट्रेचर ठेवायचं, टपावर लाल दिवा चढवायचा आणि निघायचं. स्वयंसेवी पथकांनी वर्गणी काढून स्वतःच्या गाड्या घेतल्या, त्याही बहुधा याच घडणीच्या: लांबलचक, देखण्या आणि बुटक्या.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा बुटकेपणा. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धत मांडली. त्यासाठी कोपरं ताठ हवीत, खांदे थेट रुग्णाच्या छातीवर यायला हवेत. ठेंगण्या छताखाली, धावत्या गाडीत, पाठीतून वाकलेल्या माणसाने हे कसं करायचं? मदत करणाऱ्याचे हात शिकलेले होते, त्यांना जागा नव्हती.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने अपघाती मृत्यूंचा प्रश्न ऐरणीवर आणला. देशातल्या साधारण निम्म्या रुग्णवाहिका सेवा सुमारे १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवतात, असं त्यात नोंदवलं होतं. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षेचा कायदा झाला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने रुग्णवाहिकेचे निकष ठरवले आणि तीन प्रकार रूढ झाले: ट्रकच्या सांगाड्यावर रुग्णासाठी खोलीवजा पेटी, उंच छताची व्हॅन आणि व्हॅनच्या केबिनमागे पेटी. गाडीवर नारिंगी पट्टा आला, निळी सहा टोकांची चांदणी आली. चांदणीतला काठीला वेटोळे घातलेला साप आपल्याकडच्या रुग्णवाहिकांवरही दिसतो. जुन्या बुटक्या रुग्णवाहिका बऱ्याचदा कॅडिलॅक या मोटार कंपनीच्या सांगाड्यावर बांधल्या जात; १९७७ पासून कॅडिलॅकने गाड्यांचा आकार घटवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जुन्या घाटाची रुग्णवाहिका बनायचीच थांबली.

पेटीच्या गाड्या महाग होत्या आणि बार्बेक्यूची जेवणं विकून, दारोदार फिरून पैसे उभे करणाऱ्या पथकांना ते ओझं जाणवलं. पण पेटीची एक सोय त्यांच्या फार कामी आली. खालचा ट्रक झिजला, तरी पेटी उचलून नव्या सांगाड्यावर बसवता येते. कपाटं, दिवे, ऑक्सिजनची जोडणी सगळं तेच राहतं. रात्री झोपेतून उठून आलेल्या स्वयंसेवकाचा हात अंधारातही नेमका बँडेजच्या कप्प्यावर पडतो.