मल्टीग्रेन आणि संपूर्ण धान्य : घरच्या जेवणासाठी आधी काय पाहावे?

कुटुंबाचे रोजचे जेवण थोडे अधिक पौष्टिक करायचे असे ठरले की बहुतेकांचे लक्ष प्रथम पिठाच्या किंवा ब्रेडच्या पाकिटाकडे जाते, आणि तेथे ‘मल्टीग्रेन’ व ‘संपूर्ण धान्य’ अशी दोन लेबले शेजारीशेजारी दिसतात. दोन्ही पदार्थ तपकिरी असतात आणि दोन्हींच्या वेष्टनावर कणसांचे चित्र असते. त्यामुळे ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, किंवा मल्टीग्रेन हा संपूर्ण धान्याच्या पुढचा टप्पा आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मल्टीग्रेन म्हटल्यावर पदार्थात एकाहून अधिक धान्ये आहेत एवढेच कळते; त्या धान्यांवर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे त्यातून कळत नाही. संपूर्ण धान्य म्हटल्यावर मात्र दाण्यातला खाण्याजोगा कोणताही भाग वगळलेला नाही हे कळते, मग धान्य एकच असो वा पाच.

हा फरक नीट समजण्यासाठी दाण्याच्या आत डोकावावे लागते. गव्हाच्या दाण्यात बाहेरचा कोंडा वजनाने सुमारे १४ टक्के, एका टोकाचा अंकुर अवघा अडीच ते तीन टक्के आणि उरलेला पिष्टमय गाभा सुमारे ८३ टक्के असतो. मैदा हा केवळ त्या गाभ्यापासून बनतो. तंतू (फायबर), बी गटातील जीवनसत्त्वे, लोह, जस्त आणि मॅग्नेशियम यांचा मोठा वाटा कोंड्यात व अंकुरात असतो, तर ई जीवनसत्त्व प्रामुख्याने अंकुरातल्या तेलात असते. म्हणून वजनाने थोडाच भाग काढला गेला, तरी पोषणाचे नुकसान त्या प्रमाणाबाहेर होते. १०० ग्रॅम संपूर्ण गव्हाच्या पिठात साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. अंकुरातले तेल हवेच्या संपर्कात लवकर खवट होते, त्यामुळे अंकुर काढलेले पीठ अधिक काळ टिकते आणि व्यापाराच्या दृष्टीने ते सोयीचे ठरते. काही देशांत मैद्यात लोह आणि काही बी जीवनसत्त्वे पुन्हा मिसळतात, पण गेलेले तंतू त्याने परत येत नाहीत.

बाहेरच्या थराचे मोल किती आहे, हे १८९० च्या दशकात जावा बेटावर स्पष्ट झाले. डच वैद्यक क्रिस्तियान आइकमन यांच्या लक्षात आले की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, पाय लुळे करणारा आजार होतो आणि पॉलिश न केलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या होतात. तांदळाच्या वरच्या थरातला तो घटक पुढे थायमिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व, म्हणून ओळखला गेला, आणि १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमन यांचा वाटा होता. त्या कोंबड्यांच्या खाण्यात धान्यांची संख्या बदललेली नव्हती. तांदूळ तोच होता, फक्त त्याचा वरचा थर कधी होता आणि कधी नव्हता. संख्येपेक्षा संपूर्णपणा आधी पाहावा, असा माझा आग्रह आहे तो याच कारणासाठी.

आता पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचू. वजनाने जो घटक सर्वाधिक, तो यादीत प्रथम, अशा उतरत्या क्रमाने घटक लिहिण्याचा नियम बहुतेक देशांत आहे. समजा, मल्टीग्रेन ब्रेडच्या यादीत पहिला घटक मैदा आहे, पुढे पाणी, साखर व तेल आहे, आणि त्यानंतर ओट्स, जव, मका, ज्वारी यांची नावे प्रत्येकी एकदोन टक्क्यांच्या आकड्यासह आली आहेत. अशा ब्रेडमध्ये पाच धान्ये आहेत हे खरे, पण तो मुख्यतः मैद्याचा ब्रेड आहे. त्याचा तपकिरी रंग काकवीतून किंवा कॅरॅमलमधून आलेला असू शकतो, म्हणून रंगावरून काहीही ठरवू नये. नुसते ‘गव्हाचे पीठ’ असा उल्लेख असेल तर तोही पुरेसा नाही, कारण पुष्कळ देशांत त्याचा अर्थ मैदाच असतो; ‘संपूर्ण’ हे विशेषण पहिल्याच घटकाला लागलेले हवे. ते लागलेले असेल आणि पुढची धान्येही संपूर्ण असतील, तर मल्टीग्रेन पदार्थ खरोखर उत्तम आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, आणि मल्टीग्रेन म्हणजे फसवणूक असा उलटा निष्कर्षही कोणी काढू नये.

मिश्रणाचे स्वतःचे फायदे आहेत, मात्र ते प्रमाणावर अवलंबून असतात. ओट्स आणि जव यांत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन नियमित पोटात गेल्यास रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. ब्रेडच्या कडेवर भुरभुरलेल्या चार पाकळ्यांनी ते साधत नाही. सकाळी वाटीभर शिजवलेले ओट्स मात्र त्याचा बराच हिस्सा देतात.

शिवाय घराघरांत ज्या मिश्रणाची खरी गरज असते, ते धान्यात धान्य मिसळण्याचे नाही. बहुतेक धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्यांपैकी एक घटक, कमी असते, त्यामुळे पाच धान्ये एकत्र केली तरी ती उणीव बऱ्याच अंशी तशीच राहते. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर असते, पण मिथिओनिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, आणि ते धान्यांत पुरेसे असते. म्हणून साधा भात आणि घट्ट डाळ, किंवा संपूर्ण गव्हाचा ब्रेड आणि उकडलेले हरभरे, हे दोनच घटकांचे जेवण प्रथिनांच्या दृष्टीने केवळ धान्यांच्या मोठ्या मिश्रणापेक्षा सरस ठरते. हे साहित्य कोणत्याही स्वयंपाकघरात असते, तरी त्याला ‘पौष्टिक’ म्हणून फारसे कोणी गौरवत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

घरी दळून आणलेल्या पिठाची गोष्ट थोडी निराळी आहे. ते दळताना संपूर्णच असते, पण बारीक चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा टाकून दिला की आपण आपल्याच हाताने ते मैद्याच्या दिशेने नेतो. खडे किंवा किडे पाहण्यासाठी पीठ चाळावे लागले, तर चाळणीत उरलेला स्वच्छ कोंडा पुन्हा पिठात मिसळावा. कोंडा पाणी जास्त शोषतो, म्हणून अशी कणीक थोडी सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली की ती मऊ होते आणि भाजल्यावर कडक पडत नाही. हातसडीचा किंवा पॉलिश न केलेला तांदूळही आधी भिजवून ठेवल्यास लवकर शिजतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आणि १० वर्षांच्या व त्यावरील मुलांना दिवसाला किमान २५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांना १५ ग्रॅम तंतू मिळावेत. दिवसभरात १५० ग्रॅम संपूर्ण गव्हाचे पीठ खाणाऱ्या प्रौढाला त्यातूनच १६ ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात आणि उरलेले भाज्या, फळे व डाळी यांतून सहज भरून निघतात. तेवढ्याच मैद्यातून पाचही मिळत नाहीत. बदल मात्र एका दिवसात करू नये, कारण सवय नसलेल्या पोटात अचानक वाढलेल्या तंतूंमुळे गॅस होतो आणि मुले नव्या चवीला नकार देतात. पहिल्या आठवड्यात एक चतुर्थांश पीठ संपूर्ण धान्याचे घ्यावे, पुढे निम्मे करावे, आणि त्याबरोबर सर्वांचे पाणी पिणेही वाढवावे. लहान मुलांचे पोट छोटे असते, त्यामुळे कोंडायुक्त पदार्थांनी ते लवकर भरते. त्यांच्या ताटात दूध, दही, अंडे किंवा थोडे तूप-तेल यांतून पुरेशी ऊर्जा जात आहे, याकडेही लक्ष ठेवावे. घरात कोणाला ग्लुटेन चालत नसेल, तर गहू, जव आणि राय ही धान्ये संपूर्ण असोत वा मिश्रणात असोत, त्या व्यक्तीसाठी ती वर्ज्यच आहेत.