भिंतीमागे गेलेला माणूस मरतो कसा?

“भितीच्या मांग गेलो होतो ना बे मी, तरी मेलो कसा?” यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी पारावर बसलेल्या पोट्ट्यांकडून हे वाक्य ऐकू आलं, तर समजावं की दुसरं महायुद्ध चालू आहे. मोबाइलवरच्या खेळात युरोपातलं पडझड झालेलं एखादं शहर असतं, हातात जुनी बोल्ट रायफल असते आणि सगळं दिसतं ते सैनिकाच्या डोळ्यांनी. शेजारच्याचं उत्तरही ठरलेलं असतं, “नेट बेकार हाय तुह्यं.” पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. नेट कितीही चांगलं असलं तरी भिंतीमागचा माणूस अधूनमधून मरणारच. खेळ लिहिणाऱ्यांनी तसं विचार करून ठरवलेलं आहे.

आधी खऱ्या गोळीकडे बघू. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री म्हणजे महायुद्धातली ली-एनफिल्ड रायफल. 1944 साली कोहिमा आणि इंफाळला आपले जवान हीच घेऊन लढले. (त्या युद्धात सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते. या खेळांमध्ये ते क्वचितच दिसतात, हे खटकतंच.) नळीतून बाहेर पडताना तिच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 740 मीटर असतो. हवेच्या विरोधाने तो झपाट्याने उतरतो, त्यामुळे 300 मीटर जायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला मीटरभर खाली ओढतं आणि पळणारा माणूस दोन-अडीच मीटर पुढे निघून जातो. म्हणून नेमबाजाला माणसावर नव्हे, तर माणूस जिथे पोचणार आहे तिथे नेम धरावा लागतो. पळणारा तेवढ्यात भिंतीआड गेला तर गोळी भिंतीत घुसते आणि तो वाचतो.

आवाजाची गंमत तर आणखी वेगळी. गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असते, म्हणून ज्याच्या जवळून ती जाते त्याला आधी हवा फाटल्यासारखा कडाका ऐकू येतो आणि बंदुकीचा धडाका नंतर पोचतो. 300 मीटरवर या दोन आवाजांत साधारण 0.4 सेकंदाचं अंतर पडतं. आवाजांमधल्या या फरकावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला सैनिकांना शिकवलं जातं.

खेळात मात्र बहुतेक वेळा गोळी नसतेच. बटण दाबलं की संगणक खेळाडूच्या डोळ्यापासून एक सरळ रेषा आखतो. बंदुकीच्या नळीपासून नव्हे, डोळ्यापासून. या रेषेत सर्वांत आधी काय येतं, एवढंच तो तपासतो. समोरच्या सैनिकाच्या शरीराभोवती न दिसणाऱ्या पेट्या बसवलेल्या असतात: एक डोक्याला, एक छातीला, बाकीच्या हातापायांना. रेषेने ज्या पेटीला छेद दिला, तिच्याप्रमाणे इजा ठरते. सगळा हिशेब एका क्षणात उरकतो आणि गोळीचा प्रवास शून्य सेकंदांचा होतो. रेषा टाकून उत्तर काढायची ही रीत या खेळांच्या जन्मापासूनची आहे. नाझींच्या किल्ल्यात घडणाऱ्या 1992 च्या ‘वुल्फेनस्टाइन 3डी’मध्ये तर चित्रही तसंच उभं राहायचं. पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक रेषा सोडायची, ती किती अंतरावर भिंतीला अडते ते बघायचं आणि त्या मापाची भिंत रंगवायची.

काही खेळ गोळी खरोखर उडवतात. तिथे वेगळीच अडचण येते. संगणक वेळ सलग मोजत नाही, तुकड्यातुकड्याने मोजतो. सेकंदाचे 60 तुकडे धरले तर थ्री-नॉट-थ्रीची गोळी एका तुकड्यात 12 मीटर पुढे सरकते. म्हणजे या तुकड्यात ती भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे, भिंतीला शिवलीच नाही! म्हणून फक्त गोळीची जागा बघून भागत नाही, दोन जागांमधला सगळा पट्टा तपासावा लागतो.

इथवर एकट्याने खेळायचा मामला झाला. दोघं दोन गावांत असले की घोळ सुरू होतो, कारण खेळाचा खरा हिशेब दोघांच्याही फोनमध्ये होत नाही, तो तिसरीकडच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होतो. फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला संदेशाला लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मोजतात सेकंदाच्या हजाराव्या भागात, मिलिसेकंदांत. 1996 मध्ये ‘क्वेक’ हा खेळ मोडेमवरून खेळणाऱ्यांना हा वेळ चांगलाच जाचत होता. पुढे जायचं बटण दाबायचं आणि सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ठोंब्यासारखं उभं राहायचं. ‘क्वेक’चा प्रोग्रामर जॉन कारमॅकने त्याच वर्षी ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये तोड काढली: स्वतःच्या हालचालीचा अंदाज तुमच्या संगणकानेच बांधायचा, लगेच दाखवायचा आणि सर्व्हरचं उत्तर वेगळं आलं तर दुरुस्त करायचा.

स्वतःचा अंदाज बांधता येतो, पण शत्रूच्या मनात काय आहे ते कसं कळणार? म्हणून शत्रू दिसतो तो नेहमी जुना. वर सर्व्हरकडून येणाऱ्या दोन बातम्यांमधली हालचाल झटके न बसता दिसावी म्हणून फोन त्याला आणखी थोडा उशिरा दाखवतो. आता जुन्या जागेवर धरलेला नेम बरोबर मानायचा की चूक? व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या यान बर्नियर यांनी 2001 मध्ये याची पद्धत सविस्तर मांडली. सगळे खेळाडू गेल्या काही क्षणांत कुठे कुठे होते याची नोंद सर्व्हर ठेवतो. गोळीचा संदेश आला की काळ मागे फिरवतो, मारणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं ते पुन्हा उभं करतो आणि मग रेषा आखतो.

दारव्ह्याजवळच्या एका गावातला पोरगा धरा, पिंग 120. समोर नागपूरचा, घरी फायबर, पिंग 20. नागपूरकराची हालचाल सर्व्हरला कळायला 10 मिलिसेकंद. तिथून गावच्या पोराला दिसायला 60, आणि हालचाल गुळगुळीत करायला ठेवलेले आणखी 100. पोराने घोडा दाबला, तो संदेश सर्व्हरकडे जायला 60. मेल्याची बातमी नागपूरला यायला 10. बेरीज 240 मिलिसेकंद. सेकंदाला 5 मीटर पळणारा नागपूरकर एवढ्यात 1.2 मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे बहुतेकदा भिंतीआड. त्याच्या पडद्यावर तो सुखरूप लपलेला आहे आणि अचानक मरतो.

खेळाने गोळीचा प्रवास पुसून टाकला, पण नेटने तेवढाच उशीर मागच्या दाराने आत आणला. 240 मिलिसेकंदांत थ्री-नॉट-थ्रीची खरी गोळी दीडशे मीटरच्या पुढे गेली असती. फरक इतकाच की खऱ्या रणात या उशिराचा फायदा पळणाऱ्याला मिळतो आणि खेळात मारणाऱ्याला. युद्धाचा हुबेहूब अनुभव देतो म्हणणारे खेळ नेमक्या याच जागी युद्धाच्या उलट वागतात. माझ्या मते त्यांचा निर्णय तरीही बरोबर आहे. सरळ नेम धरूनही गोळी लागत नसेल, तर असा खेळ दोन दिवसांत कोणीही सोडून देईल.

वरच्या हिशेबात बेकार नेटवालाच जिंकला, हे लक्षात आलं असेल. फार हुरळून जाऊ नये. किती मागचा काळ मान्य करायचा याला बरेच खेळ मर्यादा घालतात. शिवाय कोपऱ्यावरून कोणी अंगावर आला तर जास्त पिंगवाल्याला तो उशिरा दिसतो.

मग हे 120 येतात कुठून? अंतरामुळे नाहीत. काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्ये, प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत धरला, तर यवतमाळ ते मुंबई सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम 6 मिलिसेकंद. तार वळणावळणाने गेली म्हणून दुप्पट धरा, 12. बाकीचा वेळ रांगेत जातो. 4जी फोनला काही पाठवायचं असेल तर आधी टॉवरकडे पाळी मागावी लागते. वावरातून घरी आलेलं सगळं गाव रात्री आठच्या सुमाराला व्हिडिओ लावून बसलं की पाळी लांबते आणि संदेश ठिकठिकाणी साचून राहतात.

गावच्या टॉवरवर ढोलकासारखी गोल तबकडी दिसली, तर तो टॉवर पुढच्या टॉवरशी हवेतून, मायक्रोवेव्हने बोलतो. हवेत हा संदेश काचेपेक्षा वेगाने, सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तबकडी म्हणजे मागासलेपण असं काही नाही. तिचा वैरी पाऊस. 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी धो धो पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. मग यंत्रणा संदेश तुटू नये म्हणून वेग कमी करते आणि रांग आणखी वाढते. आषाढात नेट रडतं त्याचं हे एक कारण.

खेळणाऱ्याने पिंगच्या आकड्यापेक्षा त्याच्या स्थिरतेकडे बघावं. कायम 90 असलेला पिंग परवडला, 40 वरून 200 वर उड्या मारणारा नको, कारण अंदाज आणि काळ मागे नेणं ही दोन्ही कामं उशीर साधारण सारखा राहील या भरवशावर चालतात. खेळताना त्याच हॉटस्पॉटवर दुसऱ्याचं डाउनलोड चालू असेल तर ते थांबवल्याने फोन बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो. आणि सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर मुंबईचा घ्यावा. सिंगापूर इथून सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे जाऊन-येऊन काचेतले 35 मिलिसेकंद कोणत्याही रिचार्जने कमी होत नाहीत.