लोणारला ज्वालामुखीचं तळं का म्हटलं गेलं?

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार ठाणेकरांच्या आवाक्यात आलं. आमणे आपल्याच भिवंडी तालुक्यात. तिथून महामार्गाला लागायचं, मेहकरला उतरायचं, पुढे थोडकाच रस्ता. त्याआधी ठाण्याहून रात्रीची गाडी धरून जालना गाठायचं आणि तिथून एसटी, असा तो प्रवास होता. आता ठाणे, डोंबिवली, ऐरोलीकडची मंडळी शनिवार-रविवार जोडून जातात, गुलाबी पाण्याच्या गोष्टी ऐकून जातात आणि परत आल्यावर बरेच जण सांगतात, "ज्वालामुखीचं तळं बघून आलो." हा समज कोणाच्या अज्ञानातून आलेला नाही. जाणत्या भूवैज्ञानिकांनीही दीडशे वर्षं तसंच मानलं होतं, आणि तसं मानायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं.

कारण पायाखालचा दगड. मुंब्र्याचा डोंगर, रेल्वेने ज्याच्या पोटातून बोगदा काढला ती पारसिकची टेकडी, येऊरचे कडे, तुर्भे-महापे भागातल्या दगडखाणी, सगळीकडे तोच काळा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. तोच दख्खनचा पाषाण थेट बुलढाणा जिल्ह्यापर्यंत आहे. मग त्याच लाव्हाच्या पठारावर अचानक एक गोल, खोल खड्डा दिसला, वरच्या कडेपासून मोजला तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि दीडशे मीटर खोल, तर त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणण्यावाचून दुसरं काय सुचणार? आपल्याकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांबद्दलही लोक असंच बोलतात. प्रत्यक्षात तिथे पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खाली तापतं आणि पुन्हा वर येतं. धगधगता लाव्हा त्याखाली नाही.

स्थानिकांना लोणार अर्थातच फार आधीपासून माहीत होतं. विष्णूने लोणासुराला इथे मारलं ही कथा गावातल्या दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली आहे. अकबराच्या काळात अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त लोणारची नोंद केली ती साबण आणि काच बनवायच्या क्षारांमुळे. तळ्याला बाहेर जाणारी वाट नाही. ओढे आणि झरे बेसॉल्टमधले क्षार विरघळवून आणतात, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पापडी, दल्ला, भुस्की अशा नावांनी त्यांची प्रतवारी व्हायची आणि त्यावर इथला व्यापार चालायचा.

इंग्रजी अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या तळ्याची दखल घेतली. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला ज्वालामुखीच्या खात्यात टाकलं. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांना लोणारचं साम्य अ‍ॅरिझोनातल्या एका मोठ्या खड्ड्याशी दिसलं. निरीक्षण अचूक होतं, पण अ‍ॅरिझोनाचा खड्डा वाफेच्या स्फोटातून झाला असावा, असा त्यांचा कल पडला. त्यामुळे उत्तराच्या इतक्या जवळ येऊनही लोणार ज्वालामुखीच राहिलं. ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तळ्याचा सविस्तर अभ्यास मांडला, तरी उत्पत्तीचा वाद मिटला नाही.

वाद सुटायला १९६०चं दशक यावं लागलं. अ‍ॅरिझोनाच्या खड्ड्यात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्‌झचं, म्हणजे गारगोटीच्या खनिजाचं, जे रूप होतं ते हे खनिज, आणि त्यामुळे तो खड्डा उल्कापाताचा हे पक्कं झालं. पण लोणारला ही युक्ती चालेना, कारण बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतोच. इथे पुरावा दुसऱ्या खनिजात शोधावा लागला. तळ्याच्या तळाशी भोकं पाडून नमुने काढले. सुमारे शंभर मीटर गाळाच्या खाली फुटलेल्या, चिरडलेल्या दगडांचा थर मिळाला, आणि त्यात मास्केलिनाइट. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाला धक्क्याचा इतका जबर दाब बसला, की ते न वितळताच काचेसारखं झालं, तेच हे मास्केलिनाइट. पृथ्वीच्या पोटातला कोणताही ज्वालामुखी असा दाब देत नाही. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला आणि लोणार हे बेसॉल्टमध्ये झालेलं उल्काविवर ठरलं. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर विरळा, म्हणून चंद्र आणि मंगळावरच्या खड्ड्यांशी तुलना करायला जगभरचे अभ्यासक इथे येतात. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दगड आधीपासून तिथेच होता, त्याला विचारायचा प्रश्न बदलला.

काठावर उभं राहिलात तर यातलं थोडं डोळ्यांनीही दिसतं. एरवी दख्खनचे थर आडवे, एकावर एक रचलेले असतात. लोणारच्या कडेला मात्र ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत आणि कड भोवतालच्या पठारापेक्षा वीसेक मीटर उंच उचललेली आहे. ज्या ठिकाणी कड कापलेली आहे तिथे हा कल नीट पाहावा.

वयाचा हिशेबही बदलत गेला. आधीच्या मोजणीत ते सुमारे बावन्न हजार वर्षं आलं होतं, पण पुढे दगडातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. जवळच अंबर तळं नावाचा एक लहान खड्डा आहे. तोही त्याच आघातात तुटलेल्या तुकड्याचा असावा असं काहींना वाटतं, काहींना नाही. तो प्रश्न अजून खुला आहे.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुन्हा नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून क्षारता वाढली, की त्यांच्या रंगद्रव्याने तळं गुलाबी होतं. एरवी ते हिरवट दिसतं, सूक्ष्म शैवालांमुळे. पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. आणि याच खड्ड्याच्या काठावर गोमुखाची गोडी धार अखंड वाहते.

२०२० मध्येच लोणार रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं पाणथळ म्हणून. तिसरी नोंद २०२२ मध्ये झाली ती ठाणे खाडीची, रोहितपक्ष्यांमुळे ऐरोलीकरांच्या ओळखीच्या त्या चिखलाची.