चौपाटीपासून चाळीसगावपर्यंत : मुंबईच्या प्राइड पदयात्रेची खान्देशातून पाहिलेली पार्श्वभूमी

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसे आपली ओळख अभिमानाने मिरवत चालतात त्या मुंबईच्या प्राइड पदयात्रेचा इतिहास बहुधा ऑगस्ट क्रांती मैदानापासून सुरू होतो आणि गिरगाव चौपाटीवर संपतो. खान्देशातून पाहणाऱ्याला मात्र तो तिथे संपलेला दिसत नाही, कारण जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडून गेलेल्यांना पदयात्रा आटोपली की रात्रीच्या गाडीने घरी परतायचे असते. माझ्या मावसभावाबरोबर मी एका वर्षी गेलो होतो. दादरला गाडीत चढताना त्याच्या दोन्ही गालांवर सहा रंगांचे पट्टे होते. मनमाड मागे पडल्यावर तो उठला आणि डब्याच्या टोकाच्या बेसिनपाशी साबणाच्या वडीने गाल घासू लागला. पिवळा आणि हिरवा लगेच निघाला, जांभळा काही केल्या निघेना, आणि चाळीसगाव आले तेव्हा त्याने गळ्यातला रुमाल वर ओढून तोंडावर बांधला. पहाटे स्टेशनाबाहेर ओळखीचा रिक्षावाला भेटणार, हे त्याला ठाऊक होते.

ते पट्टे सहाच का, याचे उत्तर अमेरिकेत आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी तेव्हा नेहमीच्या होत्या, पण या वेळी लोक मुकाट्याने गाडीत बसले नाहीत आणि पुढचे काही दिवस त्या भागात संघर्ष चालू राहिला. बरोबर एका वर्षाने, २८ जून १९७० रोजी, त्याच शहरात पदयात्रा निघाली आणि जून महिन्याशी या चळवळीचे नाते जुळले. गिल्बर्ट बेकर या कलाकाराने १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा तयार केला, तेव्हा त्यात आठ रंग होते. गडद गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो रंग गळला, पुढे आणखी एक कमी झाला आणि सहा रंग रूढ झाले.

भारतातली पहिली पदयात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली. पिवळे टी-शर्ट घातलेली अवघी पंधरा माणसे त्यात चालली आणि त्यांतली काही कोलकात्याबाहेरून आलेली होती. तिला ‘मैत्री पदयात्रा’ असे सौम्य नाव दिलेले होते. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ तेव्हा पूर्णपणे लागू होते. १८६० साली इंग्रजांनी लिहिलेल्या त्या कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना, म्हणजे समलिंगी संबंधांनाही, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. खटले थोडे होत, पण पोलिसाने धमकावायला, भाडोत्री गुंडाने पैसे उकळायला आणि घरच्यांनी तोंड बंद करायला ते कलम पुरेसे होते.

मुंबईत पाया आधीच घातला गेला होता. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये याच समाजासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. त्याच काळात एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून गावोगावी आरोग्यप्रकल्प पोहोचू लागले. या टप्प्याची दखल इतिहासात फार कमी घेतली जाते, ती मला इथे मुद्दाम घ्यावीशी वाटते. महानगरातल्या तरुणाला स्वतःबद्दलचे पहिले शब्द मासिकातून किंवा मित्रमंडळातून मिळाले असतील. जिल्ह्याच्या गावी ते बहुतेकदा कंडोमच्या पाकिटाबरोबर, रक्ततपासणीच्या रांगेत आणि समुपदेशकाच्या नोंदवहीत मिळाले. नोंदवहीत ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि ‘टीजी’ (ट्रान्सजेंडर, म्हणजे तृतीयपंथी) असे रकाने असत, आपसांत मात्र ‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष) आणि ‘पंथी’ (त्याचा पुरुषी जोडीदार) हे शब्द चालत. रोगाच्या भीतीने का होईना, आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे कळण्याची ती पहिली जागा होती.

आणखी एक घटना खान्देशाच्या अगदी उंबरठ्यावर घडली. अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरातेतील राजपीपळा हे जुने संस्थान. तेथील राजघराण्याचे वारस मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि मार्च २००६ मध्ये गुजराती वृत्तपत्रातून ते जाहीर झाले. राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले आणि घराण्याने त्यांना वारसाहक्कातून दूर केल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांचे फॅड म्हणून हा विषय झटकून टाकणाऱ्यांना सातपुड्याच्या कुशीतल्या या बातमीने चांगलेच अडचणीत आणले.

२९ जून २००८ रोजी दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या शहरांत एकाच दिवशी पदयात्रा निघाल्या. दिल्लीत कित्येकांनी इंद्रधनुषी मुखवटे घातले होते. मुंबईने मात्र जून सोडून १६ ऑगस्ट हा दिवस घेतला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि यात्रेचे नाव ‘क्विअर आझादी’ ठेवले; ‘क्विअर’ म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांना मिळून वापरला जाणारा शब्द. सुरुवात ऑगस्ट क्रांती मैदानातून झाली, जिथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता. इंग्रज गेले तरी त्यांचे कलम राहिले, हे सांगायला याहून योग्य जागा सापडली नसती. हा कायदा लादल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी, अशी मागणीही त्या वेळी झाली. १९४२ च्या त्याच आंदोलनात ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी शिरीषकुमार मेहता आपल्या चार सोबत्यांसह हुतात्मा झाला. रस्त्यावरून झेंडा घेऊन चालणे म्हणजे काय, हे नंदुरबारच्या मुलाला शाळेच्या पुस्तकाआधी गावातल्या स्मारकावरूनच समजते. म्हणून ‘हे परदेशी खूळ आहे’ या आक्षेपाला मुंबईने निवडलेली जागा आणि तारीख हेच मला आजही सर्वांत नेमके उत्तर वाटते.

पुढची दहा वर्षे पदयात्रेचा सूर न्यायालयाच्या निकालांबरोबर बदलत गेला. कोलकात्याच्या त्या पंधरा जणांना बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. पुण्यात ११ डिसेंबर २०११ रोजी पहिली पदयात्रा निघाली. बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने तिच्यासाठी पुढाकार घेतला होता आणि तिच्यातून या विषयाला मराठी भाषेत बोलण्याची सवय लागली. त्यानंतर दोन वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. जे चार वर्षे उजळ माथ्याने फिरले होते, ते एका सकाळीत पुन्हा गुन्हेगार ठरले. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम ३७७ चा तो भाग कायमचा काढून टाकला. समलिंगी विवाहाच्या हक्काची मागणी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने मान्य केली नाही, ती अजून उभी आहे. मधल्या काळात, २०२० च्या फेब्रुवारीत, पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघण्याची परवानगी नाकारली आणि लोकांना आझाद मैदानात एका जागी जमावे लागले.

इतक्या वर्षांत खान्देशातली माणसे मुंबईलाच का जात राहिली, याचे कारण पैशात किंवा धाडसात शोधू नये. मुंबईच्या गर्दीत कोणी कोणाला विचारत नाही. आमच्याकडे कोणत्याही चौकात उभे राहिले की पहिला प्रश्न येतो, “तू कोना पोऱ्या शे?” या प्रश्नात माया आहे, तोच अडचणीत हात देतो, आणि त्याच्यापुढे मुखवटा टिकत नाही. रंगवलेला गाल इथे एकट्या मुलाचा राहत नाही; तो बापाच्या दुकानाचा, बहिणीच्या स्थळाचा आणि भाऊबंदांचा होतो.

म्हणूनच या चळवळीला खान्देशात पहिली जाहीर वाट मिळाली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, आणि मिळवली ती ज्यांना मुखवटा घालणे कधीच शक्य नव्हते अशा तृतीयपंथीयांनी. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. मतदार म्हणून त्यांची नोंद ‘इतर’ या रकान्यात असल्याचे कारण देऊन छाननीत तो बाद झाला. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नालसा निकालाच्या आधारे तो अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला, न्या. रवींद्र घुगे यांनी त्यांची स्त्री म्हणून असलेली ओळख मान्य केली. १५ जानेवारीला मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे घर माहीत असते, त्या गावाने ओळखून, नावानिशी मत दिले होते. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने रावेर विधानसभा मतदारसंघासाठी शमिभा पाटील या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कार्यकर्तीची उमेदवारी आपल्या पहिल्याच यादीत जाहीर केली.

भादलीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. त्या रात्री गाडीत तोंडावर ओढलेल्या रुमालाचा विषय त्याने तेव्हा पहिल्यांदा काढला आणि विचारले, “भादली इथून किती किलोमीटर रे? मोटारसायकलने जाऊन येऊ.”