वानलेसवाडीचा कारभार

आमच्या भागात माणसांच्या आडनावांवरून वसलेल्या वाड्या आहेत. पलूसजवळची किर्लोस्करवाडी, कराडजवळची ओगलेवाडी आणि सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी. पहिल्या दोन उद्योगपतींच्या. नांगरवाल्या किर्लोस्करांनी 1910 साली माळावर कारखाना उभा केला, ओगल्यांनी 1916 साली काचेचा कारखाना काढला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. तिसरी वाडी एका कॅनेडियन डॉक्टरची. कंडक्टर ‘वानलेसवाडी, वानलेसवाडी’ असा पुकारा करतो तेव्हा हे आडनाव परदेशी आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

उद्योगातल्या ख्रिस्ती नेतृत्वाचा इतिहास शोधायला निघालं की सांगली-साताऱ्यात आधी निराशाच पदरी पडते. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत पिढीजात पेढीवाला, गिरणीवाला जवळजवळ नाही. कारण उघड आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेले बहुतेक लोक महार-मांग वस्त्यांतले. ना जमीन, ना भांडवल, ना बाजारात पत. त्यांच्या वाट्याला आल्या त्या मास्तर, नर्स, कंपाउंडर, ड्रायव्हर अशा नोकऱ्या. म्हणून इथे हा इतिहास दुकानात सापडत नाही, दवाखान्यात सापडतो.

त्याची किल्ली एका शब्दात आहे, कारभारी. सांगली-मिरजेकडच्या पटवर्धनांच्या संस्थानांत कारभारी म्हणजे दिवाण. साताऱ्याकडच्या खेड्यात बायको नवऱ्याला हाक मारते तीही ‘अवो कारभारी’. मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आला आहे. कारभारी म्हटला की तो विश्वासू असला पाहिजे, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. त्यातला अर्थ संस्थानी माणसाला समजावून सांगावा लागला नसणार. दौलत दुसऱ्याची, जबाबदारी आपली आणि एक दिवस हिशेब द्यायचा.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायातली गोष्टही तीच. धनी परदेशी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो. प्रचलित मराठी भाषांतरात ते पाच हजार, दोन हजार आणि एक हजार रुपये आहेत. मुळात शब्द आहे ‘तालांत’, आणि एक तालांत म्हणजे मजुराच्या पंधरा-वीस वर्षांच्या कमाईएवढी रक्कम. रुपयांमुळे गोष्ट आपल्या अंगणात आली, पण आकडा फारच लहान झाला. ज्याने पैसे जमिनीत पुरून ठेवले, त्याने चोरी केली नव्हती. तरी धन्याने त्यालाच झापलं. नुसतं प्रामाणिक असून भागत नाही, काम उत्तमही व्हायला हवं, ही शिकवण इथून येते.

युरोपात या शिकवणीला व्यवहाराचं रूप आलं ते सतराव्या-अठराव्या शतकांत. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी एकच भाव ठेवला. जो भाव आपल्याला मिळायचा नाही तो आधी सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असा त्यांचा साधा हिशेब. येशूने ‘होय तर होय, नाही तर नाही’ म्हटलं आहे, ते त्यांनी गल्ल्यापर्यंत आणलं. आपल्याकडे बाजार समितीचे कायदे येण्याआधी पेठापेठांतून रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरत. ते डोळ्यांसमोर आणलं म्हणजे त्या एका भावाची किंमत कळते. पुढे मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली सांगू लागला, जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. पहिल्या दोन गोष्टी लोकांनी चटकन उचलल्या.

क्वेकरांतलेच कॅडबरी. 1879 साली त्यांनी कारखाना बर्मिंगहॅमच्या दाटीतून बाहेर हलवला, आणि पुढे तिथे बागा-मैदानांसह बोर्नव्हिल वसलं. पण हे चित्र पुरं नाही. त्यांचा कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरून येई आणि तिथले मजूर गुलामच होते. याची कुणकुण 1901 साली लागली होती; माल घेणं थांबलं 1909 साली. आठ वर्षं! या परंपरेचे गोडवे गाताना ही आठ वर्षं गाळणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

हिंदुस्थानात मिशनने थेट कारखानदारी केली ती बासेल मिशन या स्विस-जर्मन संस्थेने. बाप्तिस्मा घेतला की जात वाळीत टाकी आणि पोट तुटे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी माग घातले, आणि 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. आपल्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौलं ती हीच जात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हे उद्योग शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले.

मिरजेची गोष्ट वेगळ्या अंगाने गेली. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 साली सांगलीत आले, 1892 साली मिरजेला गेले आणि 1894 साली हॉस्पिटल उभं राहिलं. जागा मिरज संस्थानिकांची, इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांचा. हे कॉन्व्हर्स बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे प्रमुख. योगायोग असा, की मिरज मोठी झाली तीही रेल्वेमुळेच. जंक्शन असल्याने लांबलांबचे पेशंट गाडीतून उतरत आणि थेट दवाखाना गाठत.

वानलेस सर्जन म्हणून नावाजले, 1928 साली ‘सर’ही झाले. मला मात्र त्यांचा कारभार जास्त मोलाचा वाटतो. ऐपतदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून गरिबाचं ऑपरेशन करायचं, हे मिशन हॉस्पिटलांचं गणित. ते बसण्यासाठी ऐपतदाराला दुसरीकडे जावंसं वाटता कामा नये. म्हणजे टाक्यांपासून चादरीपर्यंत सगळं चोख हवं. इथे धर्म आणि गुणवत्ता यांची गाठ नुसत्या भाषणातली नव्हती, तिच्यावर वॉर्ड चालत होता. दुसरं म्हणजे त्यांनी आसपासची मुलंमुली हाताशी धरून डॉक्टरीचे मदतनीस आणि नर्स तयार केल्या. 1928 साली ते मिरज सोडून गेले तेव्हा बरीच वर्षं सोबत काम केलेल्या डॉ. चार्ल्स व्हेल यांच्या हाती कारभार होता. वानलेस 1933 साली अमेरिकेत वारले, आणि मिरजेतलं काम चालूच राहिलं.

तरी एक सल राहिलीच. वरची खुर्ची गोऱ्याची आणि पगार मिशनचा. यावर सर्वांत टोकदार बोट ठेवलं ते कवी नारायण वामन टिळकांनी, आणि तेही साताऱ्यात. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सर्वांना दार उघडं. ख्रिस्ताच्या मागे जायला परदेशी पाकीट लागू नये, हा त्यांचा हट्ट. दोनच वर्षांनी ते गेले. पण सेवक आणि पगारी चाकर यांतला फरक इथल्या मंडळ्यांत पुन्हा पुन्हा निघतो, तो तेव्हापासून.

आता व्यवस्थापनाच्या शिबिरांत ‘सर्व्हंट लीडरशिप’, म्हणजे सेवक होऊन नेतृत्व करणं, शिकवतात. ते नाव रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 साली रूढ केलं. ते अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत हयात घालवलेले आणि क्वेकर. मिरजेच्या एमआयडीसीत शेड घेतलेल्या पोरांना हे इंग्रजी शब्द तोंडपाठ असतात. त्यांच्या आज्या कुठल्या ना कुठल्या वॉर्डात नर्स होत्या, हे निघतं चहाच्या वेळी.

आमच्या मंडळीत वर्षातून एकदा हिशेब मोठ्याने वाचतात. गेल्या खेपेला खजिनदार होता असाच एक शेडवाला. मागच्या बाकावरून एका निवृत्त सिस्टरबाईंनी विचारलं, ‘जनरेटरच्या डिझेलचे साडेतीनशे दोनदा कसे रे लागले?’ पोरगा हसला नाही. खिशातून पावत्यांची पिन लावलेली गड्डी काढली आणि एकेक पावती चाळत बसला. सगळे थांबले.