हार्ड डिस्कचे भाग: डी ड्राइव्हवर किती विसंबावे?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेला संगणक नेला, की विंडोज नव्याने टाकण्याआधी हमखास विचारले जाते, "भाऊ, सीमधलं सगळं डीमध्ये घेतलं ना?" सी ड्राइव्ह पुसला जाईल, पण डी ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या सातबाऱ्याच्या प्रती, जात वैधता प्रमाणपत्र, कापूस विकल्याच्या पावत्या, लग्नाचे चित्रण आणि कानबाईच्या उत्सवाचे फोटो शाबूत राहतील, हे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. मात्र एकाच डिस्कवरचा एक भाग पुसला जात असताना दुसरा का वाचतो, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक घरांत डी ड्राइव्हवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भरवसा टाकला जातो. म्हणून हार्ड डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशने, कशी पडतात हे आधी पाहू.

संगणकाच्या दृष्टीने डिस्क ही क्रमांक दिलेल्या, समान आकाराच्या कप्प्यांची एक लांब रांग असते. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. सेक्टरचा रूढ आकार ५१२ बाइट असून १ टीबीच्या डिस्कवर असे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. (अलीकडच्या डिस्क आतून ४,०९६ बाइटांचे सेक्टर वापरतात, पण त्यांपैकी बऱ्याच जणी संगणकाला ५१२ चाच हिशेब सांगतात.) पार्टिशन करणे म्हणजे या रांगेतील अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचा पट्टा स्वतंत्र आहे, अशी डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या एका छोट्या तक्त्यात नोंद करणे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, तेव्हा तापी जशी वाहत होती तशीच वाहत राहिली आणि कोणत्याही शेताचा बांध हलला नाही. कोणते गाव कोणत्या कचेरीच्या दप्तरात, एवढेच बदलले. पार्टिशनची रेषाही अशीच दप्तरातली रेषा असते. डिस्कमध्ये कोठेही भिंत उभी राहत नाही, तबकड्या वेगळ्या होत नाहीत. सी ड्राइव्ह फॉरमॅट करणारा प्रोग्राम आपल्या पट्ट्याच्या शेवटच्या क्रमांकावर थांबतो, म्हणून डी ड्राइव्ह वाचतो.

हा तक्ता वैयक्तिक संगणकांवर आला तो १९८३ साली. आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबतच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क हा प्रोग्राम होता. फ्लॉपीसाठी ए आणि बी ही अक्षरे आधीच खर्ची पडली असल्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले, आणि फ्लॉपी इतिहासजमा होऊनही ते बदललेले नाही. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत संगणक सुरू करणारी छोटी आज्ञावली आणि हा तक्ता या दोघांना दाटीवाटीने बसवले होते. तक्त्याच्या वाट्याला ६४ बाइट आले आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागत असल्यामुळे मुख्य पार्टिशने चारच शक्य झाली. एमबीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात; त्यांना ५१२ ने गुणले की २.२ टीबीपर्यंत मजल जाते. म्हणूनच ४ टीबीची डिस्क आणून ती जुन्या पद्धतीने तयार केली, तर जवळपास निम्मी जागा वापराविना पडून राहते.

आजच्या संगणकांत जीपीटी ही पद्धत असते. तिच्यात विंडोज १२८ नोंदींची सोय ठेवते, क्रमांक ६४ बिटांत लिहिले जातात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी जपलेली असते, शिवाय तक्त्यात काही बिघडले आहे का हे ताडून पाहण्यासाठी एक पडताळणी अंकही असतो. जुन्या पद्धतीत तक्त्याची एकच प्रत असे आणि ती खराब झाली की चांगली डिस्क रिकामी दिसू लागे. नवीन डिस्क लावल्यावर विंडोज एमबीआर की जीपीटी असे विचारते, तेव्हा अगदी जुना संगणक नसेल तर जीपीटी निवडण्यात विचार करण्यासारखे काही नाही.

सी, डी, ई, एफ असे चार-चार ड्राइव्ह पाडण्याची रीत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की चार ड्राइव्ह दिसले नाहीत तर ग्राहकाला काम अपुरे वाटते. या रीतीला एके काळी पक्का आधार होता. विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या काळात फाइली मांडण्याची जी फॅट१६ पद्धत होती, तिच्यात एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठे करता येत नसे, त्यामुळे ८ जीबीच्या डिस्कचे चार तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय त्या पद्धतीत २ जीबीच्या पार्टिशनमध्ये सर्वांत लहान फाइलसुद्धा ३२ केबी जागा अडवीत असे. १ केबीच्या चिठ्ठीमागे ३१ केबी वाया. लहान पार्टिशन केले की ही नासाडी कमी होई. १९९६ मध्ये फॅट३२ आले आणि घराघरांत पुढे फाइली मांडण्याची एनटीएफएस ही पद्धत रुळली, तेव्हा दोन्ही कारणे संपली. रीत मात्र राहिली. आज चार तुकडे केले की ई मध्ये ६० जीबी मोकळे, एफ मध्ये ८० जीबी मोकळे आणि १०० जीबीचे लग्नाचे चित्रण मात्र कोठेच मावत नाही, अशी अवस्था होते. घरच्या संगणकासाठी, माझ्या मते, दोन पार्टिशने पुरतात: एक विंडोज आणि प्रोग्रामांसाठी, दुसरे आपल्या फाइलींसाठी. विषयवार विभागणी हे फोल्डरचे काम आहे, आणि फोल्डर हवा तेवढा वाढतो.

वेगासाठी पार्टिशन करावे असेही सांगितले जाते. फिरत्या तबकडीच्या डिस्कपुरते त्यात तथ्य आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. बाहेरच्या कडेचा परीघ मोठा असल्यामुळे तेवढ्याच वेळात तेथून आतल्या कडेपेक्षा दीडपट ते दुप्पट माहिती वाचली जाते. सेक्टरांचे क्रमांक सामान्यतः बाहेरून सुरू होतात, त्यामुळे पहिले पार्टिशन, म्हणजे बहुधा सी ड्राइव्ह, आपोआप वेगवान पट्ट्यात येते. एसएसडीला, म्हणजे चिपमधील सूक्ष्म पेशींत माहिती साठवणाऱ्या डिस्कला, हे काहीच लागू नाही. तिच्यात फिरणारा भाग नसतो, आणि सगळ्या पेशींची झीज सारखी व्हावी म्हणून तिचा नियंत्रक माहिती सतत वेगवेगळ्या जागी लिहीत असतो, त्यामुळे डी ड्राइव्हमधील फोटोचे काही तुकडे सी ड्राइव्हच्या फाइलींना लागूनही असू शकतात. तेथे पार्टिशनची रेषा निव्वळ हिशेबाची असते. वेग हवा असेल आणि संगणकात दोन डिस्क बसत असतील, तर विंडोज एसएसडीवर आणि फाइली मोठ्या फिरत्या डिस्कवर, ही मांडणी एका डिस्कच्या कोणत्याही विभागणीपेक्षा चांगली.

आता प्रत्यक्ष काम. आधी एक आकडा समजून घ्यावा: १ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. याच हिशेबाने ५१२ जीबीची एसएसडी सुमारे ४७६ जीबी दिसते. यातील सी ड्राइव्हला २०० जीबीच्या आसपास ठेवावे. विंडोज ११ चे मोठे अपडेट येतात, प्रोग्राम फुगत जातात, आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की सगळा संगणकच रेंगाळू लागतो. १०० जीबीत भागते, असे सांगणारे वर्षभरात पुन्हा दुकानात दिसतात.

नवीन लॅपटॉपमध्ये बहुधा एकच मोठा सी ड्राइव्ह येतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी वर उजवी क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडले, की तो आकसता येतो. किती आकसायचे हा आकडा एमबीमध्ये विचारला जातो, त्यामुळे २५० जीबी हवे असतील तर २,५६,००० लिहावे. निम्मा ड्राइव्ह रिकामा असूनही कधी कधी विंडोज थोडीच जागा सोडायला तयार होते. पेजिंग, हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअरसाठीच्या काही फाइली ड्राइव्हच्या मधोमध ठाण मांडून बसतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. या सोयी तात्पुरत्या बंद करून संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा वाट मोकळी होते. सुटलेल्या जागेवर नवीन पार्टिशन करून ते एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावे. शेजारी दिसणारी १०० एमबीची किंवा काहीशे एमबीची बिनअक्षरी पार्टिशने संगणक सुरू करण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी असतात. फुकट अडलेली जागा समजून ती उडवू नयेत.

पुढे सी वाढवायची वेळ आली तर अडचण येते. विंडोज स्वतः फक्त लगत उजवीकडची मोकळी जागाच जोडून घेऊ शकते. मध्ये डी असेल तर तो सरकवण्यासाठी जीपार्टेडसारखे साधन लागते. पार्टिशन सरकवताना तक्त्यासोबत आतली सगळी माहिती खरोखर एका जागेहून दुसऱ्या जागी लिहिली जाते, आणि शेकडो जीबी असतील तर याला काही तास लागतात. या वेळात वीज गेली तर काही माहिती जुन्या जागी, काही नव्या जागी आणि तक्ता तिसरेच सांगणारा, अशी स्थिती होते. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएसशिवाय टेबलावरच्या संगणकावर हे काम मुळीच करू नये. भरलेल्या बॅटरीचा आणि चार्जरला जोडलेला लॅपटॉप असेल तर चालेल.

डी ड्राइव्ह तयार झाला म्हणजे फाइली आपोआप तेथे जात नाहीत, आणि बहुतेकांचे नुकसान नेमके येथेच होते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चारही फोल्डर मूळ मांडणीत सी ड्राइव्हमध्ये असतात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेला पीक विम्याचा कागद डाउनलोड्समध्ये पडतो, मुलाचा प्रकल्प डेस्कटॉपवर राहतो, आणि फॉरमॅटबरोबर दोन्ही जातात. या प्रत्येक फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील लोकेशन या टॅबमध्ये डी ड्राइव्हवरील नवी जागा दिली, की पुढच्या फाइली परस्पर तेथे जमा होतात. घरून हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांनी टॅलीचा डेटा फोल्डरही तपासावा. मूळ मांडणीत तोही सी ड्राइव्हमध्येच असतो.

विंडोज नव्याने टाकताना जी यादी समोर येते, तिच्यात सी, डी ही अक्षरे नसतात. पार्टिशन १, २, ३, ४ असे क्रमांक आणि त्यांचे आकार असतात. म्हणून दोन्ही भागांचे आकार सहज वेगळे ओळखू येतील असे ठेवावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत. घाईत चुकीचे पार्टिशन उडवले गेलेच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये. उडाली आहे ती तक्त्यातील नोंद. टेस्टडिस्कसारखे मोफत साधन जुन्या सीमा शोधून ती नोंद पुन्हा करू शकते. एसएसडीवर फॉरमॅटही झाले असेल, तर रिकाम्या झालेल्या पेशी कायमच्या पुसण्याची आज्ञा बहुधा गेलेली असते आणि आशा फार थोडी उरते.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असलेल्या संगणकांवर आणखी एक पेच असतो. विंडोज नव्याने टाकल्यावर डी ड्राइव्ह जागच्या जागी दिसतो, पण उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झाली आहे का, हे संगणक दुकानात नेण्याआधी पाहावे, आणि ज्या ईमेलवर खाते उघडले त्याचा पासवर्डही आठवून ठेवावा.

आता डी ड्राइव्ह ज्यापासून वाचवू शकत नाही, ते. डिस्कची मोटर बंद पडली, वाचणारे टोक तबकडीला घासले किंवा एसएसडीचा नियंत्रक गेला, तर सी, डी आणि ई एकाच क्षणी जातात. खंडणीखोर व्हायरस जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह चाळून फाइली कुलूपबंद करतो, त्याला अक्षराचे सोयरसुतक नसते. आणि लॅपटॉप चोरीला गेला तर पार्टिशनचा प्रश्नच उरत नाही. सी मधील फाइलीची प्रत त्याच डिस्कच्या डी मध्ये ठेवणे म्हणून बॅकअप ठरत नाही, तरीही त्याला बॅकअप म्हणणारे खूप भेटतात.

खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवरच हवी. डी ड्राइव्ह वेगळा असल्याचा येथे मोठा उपयोग होतो, कारण काय उचलायचे हे शोधावे लागत नाही. अख्खा डी बाहेरच्या डिस्कवर उतरवला की काम झाले. ही डिस्क एनटीएफएसमध्ये असावी, किंवा टीव्हीला आणि इतर यंत्रांनाही जोडायची असेल तर एक्सफॅटमध्ये. फॅट३२ घेतले तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तीवर बसणार नाही आणि लग्नाच्या चित्रणापाशीच गाडी अडेल. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली तर व्हायरस आणि विजेचा झटका यांच्यापुढे तीही डी ड्राइव्हइतकीच उघडी पडते. पत्र्याच्या छताखालच्या कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नये, कारण बहुतेक फिरत्या डिस्क चालू असताना ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात आणि तापलेली डिस्क थेट जोडली तर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. सातबारा, प्रमाणपत्रे आणि घरातील जुने फोटो एवढ्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. ही सगळी कागदपत्रे मिळून काही जीबींच्या पुढे क्वचितच जातात.